मांद्रे ते मुंबई : डॉ. भाऊ दाजी लाड

मुंबईला गेलेला गोमंतकीय मुलाबाळांना घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत जातो, तेव्हा बागेला लागून असलेली एक देखणी जुनी वास्तू त्याच्या दृष्टीस पडते. उंच खांब, नक्षीदार कठडे, आत मुंबईच्या जुन्या जीवनाचे मातीचे नमुने, नकाशे आणि कारागिरीच्या वस्तू. वास्तूवर नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. पेडणे तालुक्यातील मांद्रे गावी जन्मलेल्या एका गरीब घरच्या मुलाचे हे नाव आहे, हे तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात येत असेल?

त्यांचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरात त्यांना भाऊ म्हणत आणि वडील विठ्ठल यांना दाजी. गावाकडच्या माणसांनी मायेने हाक मारायची ही दोन नावे त्यांनी मुंबईतही टाकली नाहीत. वैद्यकाच्या पदवीपुढे, विद्वत्सभेच्या इतिवृत्तांत, सरकारी कागदपत्रांत आणि युरोपातील संशोधकांच्या लेखांत ते डॉ. भाऊ दाजी याच नावाने वावरले. मोठ्या शहरात गेलेला माणूस पुष्कळदा आधी आपले नाव शहराच्या जिभेला सोयीचे करून घेतो. येथे शहरानेच घरचे नाव उचलले.

१८२२ हे भाऊंचे जन्मवर्ष मानले जाते. त्या वेळी पेडणे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात येऊन पुरती चाळीस वर्षेही झालेली नव्हती. नव्या काबिजादीतील या भागात शेती, बागायती, देवस्थाने आणि समुद्र यांच्या आधारावर लोक जगत. हिंदू मुलाचे शिक्षण म्हणजे गावच्या पंतोजीकडे अक्षरओळख, मोडी, हिशेब, आणि घरात परंपरा असली तर थोडे संस्कृत. त्यापुढची वाट गावात नव्हती. लाडांचे घर सारस्वत ब्राह्मणाचे असले तरी संपन्न नव्हते. तेव्हा कोकणपट्टीतील शेकडो कुटुंबांनी केले तेच दाजींनी केले. त्यांनी मुंबईची वाट धरली आणि बालवयातील भाऊंना बरोबर नेले.

त्या काळी ही वाट समुद्राची होती. नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत झाला की गलबते आणि पडाव किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे निघत. अंतर आजच्या मानाने थोडे वाटते, पण मांद्र्याहून मुंबईला जाणे म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते. गावी पोर्तुगीज अंमल होता, तर मुंबईत इंग्रज कंपनी सरकारचा. कायदा निराळा, चलन निराळे, दरबारी भाषा निराळी. उतरल्यावर समोर उभे राहत होते ते दोन-अडीच लाख वस्तीचे शहर. तटबंदीच्या आत साहेबांची आणि धनिक पारशी-गुजराती व्यापाऱ्यांची घरे होती, तर तटाबाहेर दाट वस्तीचे देशी गाव. पाणी विहिरी-तलावांचे आणि तेही पुरेसे नाही. पावसाळ्यात सखल भागांत चिखल आणि उन्हाळ्यात पटकी. नळाचे पाणी, आगगाडी, रस्त्यावरचे गॅसचे दिवे यांपैकी काहीच तेव्हा आलेले नव्हते. रोजगाराच्या आशेने आलेली माणसे आपापल्या जातीच्या, गावच्या आणि भाषेच्या आधाराने राहत. गोमंतकातील ख्रिस्ती बांधवांनी पुढे गावोगावच्या कुडी उभारल्या, त्याही याच गरजेतून.

भाऊंना या गर्दीतून वर काढले ते बुद्धिबळाने, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पटावरची त्यांची चतुराई एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेत भरली आणि या मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे, असे त्याने दाजींना पटवून दिले. दाजींच्या जागी दुसरा कोणी बाप असता, तर मुलाला एखाद्या पेढीवर किंवा दुकानात चिकटवून चार पैसे घरी आणण्याचा विचार त्याने आधी केला असता, आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. दाजींनी मुलाला शाळेत घातले. शहरात स्थिरावण्याचे पहिले पाऊल भाऊंनी नव्हे, तर त्यांच्या वडिलांनी उचलले, हे विसरता कामा नये.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन हे त्या वेळच्या मुंबईचे विद्येचे माहेरघर होते. कोकणातील पोंभुर्ल्याहून आलेले बाळशास्त्री जांभेकर तेथे शिकवीत होते. दर्पण हे मराठीतील पहिले वृत्तपत्र १८३२ साली त्यांनीच सुरू केले होते. दादाभाई नौरोजींची पिढीही याच संस्थेत घडली. येथे मराठी, गुजराती, पारशी, सारस्वत, प्रभू अशी मुले एका बाकावर बसत. गावात ज्यांच्याशी उभ्या जन्मात गाठ पडली नसती, त्यांच्याशी वाद घालायची आणि मैत्री जोडायची सवय भाऊंना येथे लागली. पुढच्या आयुष्यात त्यांचे मित्र आणि सहकारी सर्व जातिधर्मांचे होते, त्याचे मूळ या बाकांवर आहे.

विद्यार्थिदशा संपताच त्यांना त्याच संस्थेत शिक्षकाची जागा मिळाली. कच्छ आणि काठेवाडातील जाडेजा रजपुतांमध्ये जन्मलेल्या मुलींना मारून टाकण्याची जी प्रथा होती, तिच्यावर निबंध मागविण्यात आला, तेव्हा भाऊंच्या निबंधाला पारितोषिक मिळाले आणि तो छापूनही निघाला. परगावाहून आलेल्या गरीब तरुणाला आता पगार होता, नाव होते, साहेबांत ओळख होती. येथे थांबले असते, तरी मांद्र्यात त्यांचे कौतुकच झाले असते.

ते थांबले नाहीत. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा शिक्षकाची नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. हा निर्णय आज वाटतो तितका सोपा नव्हता. एक तर हातचे उत्पन्न सुटत होते. दुसरे म्हणजे, पाश्चात्त्य वैद्यक शिकायचे तर प्रेत फाडून पाहणे भाग होते. प्रेताच्या स्पर्शाने विटाळ मानणाऱ्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या घरातील मुलाने शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहणे म्हणजे स्वतःच्या संस्कारांशी उघड विरोध पत्करणे होते. भाऊ उभे राहिले. १८५१ साली कॉलेजच्या पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून ओळखले गेलेले डॉ. आत्माराम पांडुरंग होते आणि आपले डॉ. भाऊ दाजीही होते.

त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. दोघा भावांनी मिळून मुंबईत गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. भाऊंचा खासगी व्यवसाय लवकरच भरभराटीला आला. श्रीमंत व्यापारी, सरदार, अधिकारी त्यांना बोलावू लागले. तरीही दवाखाना बंद पडला नाही. मोठ्या शहरात आजारी पडलेल्या गरीब माणसाची अवस्था काय असते, हे भाऊंनी लहानपणापासून पाहिले होते. गावाकडे आजाऱ्याच्या उशाशी निदान घरची माणसे असतात. शहरातल्या खोलीत एकट्या राहणाऱ्या हमालाला वा गडीमाणसाला तेवढाही आधार नसतो. भावाभावांच्या या दवाखान्याने तो आधार दिला.

नारायण दाजींना छायाचित्रणाचा नाद होता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा ही कला हाती घेणाऱ्या पहिल्या हिंदी मंडळींत ते होते. भाऊंनाही या नव्या विद्येची ओढ होती. शहराने जे जे नवे दाखविले, ते हात लावून पाहायचे, असा या दोघा भावांचा स्वभाव दिसतो.

डॉक्टर म्हणून नाव झाल्यावर भाऊंनी शहराच्या सार्वजनिक कामांत पाऊल टाकले. १८५२ साली मुंबईत बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था स्थापन झाली. नाना शंकरशेट हे तिचे धुरीण, तर भाऊ दाजी हे तिच्या चिटणीसांपैकी एक. कंपनी सरकारच्या कारभारातील दोष दाखवून देणारा आणि हिंदी लोकांना राज्यकारभारात वाटा मागणारा अर्ज या संस्थेने थेट इंग्लंडच्या पार्लमेंटकडे धाडला. गंमत अशी की, पोर्तुगीज अंमलाखालच्या गावातून आलेला हा माणूस ब्रिटिश मुंबईच्या नागरिकांचे गाऱ्हाणे लिहिण्यात पुढे होता. आपण येथले नव्हे, तेव्हा आपल्याला काय त्याचे, असा विचार त्यांच्या मनाला शिवला नसावा.

शिक्षण मंडळावर ते सभासद होते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या फेलोंमध्ये त्यांची निवड झाली. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या, त्या कामाला त्यांचा भक्कम पाठिंबा होता. मुलींच्या एका शाळेला पुढे त्यांचे नाव दिले गेले. सांगलीहून विष्णुदास भावे आपली नाटके घेऊन मुंबईत आले, तेव्हा त्यांना साहाय्य करणाऱ्या प्रतिष्ठितांत नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांची नावे घेतली जातात. नाटकाचे वेड गोमंतकीय माणसाच्या रक्तातच असते. त्याचा उपयोग मराठी रंगभूमीला असा झाला.

१८६२ साली त्यांच्या सचोटीची परीक्षा पाहणारा प्रसंग आला. करसनदास मुळजी या गुजराती पत्रकाराने वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या दुराचाराविरुद्ध लिहिले आणि जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. भाऊ दाजींनी डॉक्टर या नात्याने न्यायालयात साक्ष दिली आणि महाराजांच्या रोगाविषयी जे ठाऊक होते ते सांगितले. शहरातील धनाढ्य भाटिया-वाणी समाजाचा मोठा भाग महाराजांच्या बाजूने होता आणि याच वर्गातून डॉक्टरांना आश्रय मिळत असे. रुग्णाचे गुपित उघड करावे की नाही, हा प्रश्न आजही डॉक्टरांना अवघडच वाटेल. भाऊंनी आपला कौल दिला. दाव्याचा निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

दिवसभर रुग्ण तपासणारा हा माणूस रात्री शिलालेखांचे ठसे, ताम्रपट आणि जुनी नाणी घेऊन बसे. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत १८४० पर्यंत हिंदी माणसाला प्रवेशही नव्हता. पुढे भाऊ दाजी तिचे उपाध्यक्ष झाले. गिरनारच्या पायथ्याच्या खडकावरील रुद्रदामन आणि स्कंदगुप्त यांचे लेख, अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख यांचे वाचन त्यांनी प्रसिद्ध केले. कालिदासाच्या काळाविषयी त्यांनी निबंध लिहिला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्या कालनिर्णयावरील त्यांचा लेख लंडनच्या नियतकालिकात आला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील, भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख अभ्यासकांपुढे आणण्याचे श्रेय त्यांचेच.

या संशोधनात त्यांचा उजवा हात होते जुनागढचे भगवानलाल इंद्रजी. गिरनारच्या सावलीत वाढलेल्या या तरुणाला जुन्या लिपींचे वेड होते. इंग्रजी शिक्षण फारसे नव्हते. भाऊंनी त्यांना मुंबईला बोलावून घेतले, कामाला लावले आणि लेखांचे ठसे घेण्यासाठी देशभर पाठविले. पुढे पंडित भगवानलाल स्वतःच मोठे पुराणवस्तुसंशोधक झाले आणि हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांचा सन्मान केला. एकेकाळी एका अनोळखी माणसाने पोरवयातील भाऊंसाठी शहराचे दार उघडले होते. तेच दार भाऊंनी जुनागढच्या मुलासाठी उघडले. शहरात बस्तान बसल्यावर मागून येणाऱ्याचे काय, या प्रश्नाला त्यांनी दिलेले हे उत्तर होते.

याच सुमारास मुंबईला पैशाची नशा चढली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बँका, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या, नाना प्रकारच्या मंडळ्या रोज निघू लागल्या आणि त्यांचे भाग दुप्पट-चौपट दराने विकले जाऊ लागले. व्यापारी, कारकून, वकील, डॉक्टर, सगळेच या सट्ट्यात उतरले. १८६४ च्या शिरगणतीत शहराची वस्ती आठ लाखांवर गेलेली दिसते. भाऊ दाजींनीही भाग घेतले. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि जुलै महिन्यात देणीघेणी चुकविण्याचा दिवस उजाडला, तेव्हा मुंबईतील मोठमोठी घराणी बुडाली. भाऊंनी आयुष्यभर मिळविलेली पुंजीही या लाटेत गेली.

येथे त्यांची बाजू मांडण्याची गरज नाही. प्राचीन शिलालेखातील एकेक अक्षर पारखून घेणारा माणूस कागदी भागांच्या किमतीवर विश्वासला, हे खरे आहे. शहर माणसाला विद्या देते, तसा मोहही देते. आणि वीस-तीस वर्षे तेथे काढलेला शहाणा माणूसही त्यातून सुटत नाही. पण त्यानंतर ते कसे वागले, हे पाहण्याजोगे आहे. कित्येक जण शहर सोडून गेले, कित्येक जण खचले. भाऊंनी रुग्ण पाहणे चालू ठेवले, संशोधन चालू ठेवले आणि हाती घेतलेली सार्वजनिक कामेही सोडली नाहीत.

संग्रहालय हे त्यांतले एक काम. मुंबईत वस्तुसंग्रहालय असावे, ही कल्पना जुनी होती. पहिला संग्रह किल्ल्यातील बराकीत होता. १८५७ च्या धामधुमीत तो तेथून हलविताना त्याची मोठी नासधूस झाली. डॉ. जॉर्ज बर्डवूड, नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी नागरिकांकडून वर्गणी जमवून नवी वास्तू उभारायचे ठरविले. १८६२ साली पायाभरणी झाली. पण १८६५ च्या आपत्तीत वर्गणीदारच बुडाल्यामुळे काम रखडले आणि अखेर सरकारच्या साहाय्याने ते पुरे करावे लागले. १८७२ साली संग्रहालय लोकांसाठी खुले झाले, तेव्हा त्याला राणी व्हिक्टोरिया आणि तिचे पती अल्बर्ट यांचे नाव होते. मधल्या काळात १८६९ आणि १८७१ अशा दोन वेळा भाऊ दाजी मुंबईचे शेरीफ म्हणजे नगरपाल झाले होते.

शेवटच्या वर्षांत त्यांचे मन गुंतले होते ते महारोगाच्या उपचारात. संस्कृत वैद्यकग्रंथांत ज्या वनस्पतींचे गुण सांगितले आहेत, त्या प्रत्यक्ष रुग्णांवर पारखून पाहायच्या, असा त्यांचा परिपाठ होता. कडू कवठ, ज्याला कवटी असेही म्हणतात, त्या झाडाच्या बियांचे तेल ते महारोग्यांना देत. हे झाड आपल्या सह्याद्रीच्या रानातले, ओढ्याकाठी वाढणारे. काही रुग्णांना गुण येत असल्याची ख्याती पसरली आणि दुरून रोगी येऊ लागले. मात्र, पूर्ण खात्री होईपर्यंत औषध जाहीर करायचे नाही, असे त्यांनी ठरविले होते. त्यामुळे त्यांच्यावर टीकाही झाली. ग्रंथ लिहून पुरा करण्याआधीच अर्धांगवायूने त्यांना गाठले. आयुष्यभर हाताने आणि बुद्धीने राबलेला माणूस अंथरुणाला खिळला. ३१ मे १८७४ रोजी, पन्नाशीच्या आसपास, त्यांचे निधन झाले. पुढे विसाव्या शतकात याच जातीच्या झाडांचे तेल महारोगावरील मुख्य औषध म्हणून जगभर वापरले गेले. आधुनिक गोळ्या येईपर्यंत ते चालले. भाऊंचा अपुरा राहिलेला ग्रंथ मात्र कधी पुरा झाला नाही.

त्यांच्यामागे संपत्ती उरली नव्हती. मित्रांनी आणि चाहत्यांनी निधी जमवून विद्यापीठात संस्कृतसाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक ठेवले. त्यांनी जमविलेली नाणी आणि हस्तलिखिते एशियाटिक सोसायटीकडे गेली. त्यांचे साक्षेपी मराठी चरित्र लिहिले तेही मूळचे प्रियोळचे आणि मुंबईत स्थायिक झालेले संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी. एका गोमंतकीय मुंबईकराचे ऋण दुसऱ्या गोमंतकीय मुंबईकराने असे फेडले. १९७५ साली भायखळ्याच्या संग्रहालयावरून राणीचे आणि तिच्या पतीचे नाव उतरले आणि भाऊ दाजींचे नाव चढले.

आजही पेडणे, डिचोली, फोंडा, सासष्टी या तालुक्यांतील मुले शिक्षणासाठी आणि पोटासाठी मुंबई, पुणे, बंगळूरला जातात. गलबतांच्या जागी रेल्वे आणि बसगाड्या आल्या. खोलीचे भाडे, परकी भाषा, सणाला घरी न पोहोचण्याची खंत आणि जवळ कोणी नसताना आलेले दुखणे हे मात्र तसेच राहिले आहे. भाऊ दाजींच्या चरित्रातून या मुलांना यशाची हमी मिळणार नाही. शहराने त्यांचे धन नेले आणि प्रकृतीही नेली. पण जेथे राहायचे तेथल्या दवाखान्याची, शाळेची, इतिहासाची चिंता स्वतःची मानली की परके गाव हळूहळू आपले होते, एवढे मात्र हे चरित्र सांगते.

माटुंग्यात एक रस्ताही त्यांच्या नावाचा आहे. रोज शेकडो माणसे पत्ता सांगताना, टॅक्सी थांबविताना ते नाव उच्चारतात. त्यांतील बहुतेकांना मांद्रे कोठे आहे हे ठाऊक नसेल. पण मांद्र्यातल्या एका घरात मुलाला भाऊ आणि बापाला दाजी म्हणत, त्या दोन हाका मुंबईच्या रस्त्यावर अजून ऐकू येतात.